थकलेल्या मृत्यूचे हात

फ्रित्झ लांगच्या 'देअर म्यूदे टोड' या १९२१ सालच्या जर्मन मूकपटात मृत्यू गावात येतो तो घोडागाडीतून, इतर उतारूंसारखा. वाटा फुटतात तिथे तो उभा असतो, गाडी थांबते, तो आत चढतो. आत एक तरुण जोडपे आहे, नुकतेच एकमेकांचे झालेले आणि म्हणून जगाकडे पाठ फिरवलेले. काळा झगा, रुंद काठाची काळी टोपी, गालफडे बसलेला लांबट चेहरा, अशी ही आकृती समोर बसते. जोडप्याला ती जरा अडचणीची वाटते, इतकेच. बघणाऱ्याला मात्र हा कोण आहे हे सांगावे लागत नाही.

चित्रपटाचे नाव सरळ आहे: थकलेला मृत्यू. त्याखाली उपशीर्षक आहे, सहा कडव्यांतले जर्मन लोकगीत, आणि खरोखरच त्याचे भाग कडव्यांसारखे क्रमांक लावून येतात. गोष्टही लोकगीताला शोभेल अशीच. मृत्यू एका तरुणाला नेतो. त्याची प्रेयसी त्याला परत मागते. मृत्यू तिला तीन संधी देतो, त्या तिन्ही हुकतात, मग एक चौथी. ही गोष्ट कागदावर लिहिली तर दोन पानांत संपेल. लांगने ती प्रकाशात, दगडात आणि हातांत लिहिली. हातांत म्हणतो ते जाणूनबुजून. या मूकपटात बोलण्याचे बरेचसे काम हात करतात, आणि मृत्यूच्या हातांवर नजर ठेवून तो पाहिला तर शेवटचा प्रसंग इतका का हलवतो ते उमगते.

पहिल्यांदा हे हात दिसतात ते व्यवहारात. गावात आलेल्या या परक्याला स्मशानाला लागून असलेली जमीन ९९ वर्षांच्या कराराने हवी आहे. नगरपिते, धर्मगुरू, वैद्य, शिक्षक अशी सगळी मान्यवर मंडळी कुजबुजतात, शंका काढतात. तो सोने पुढे करतो आणि शंका विरून जातात. लांगने या मंडळींना थोडे अर्कचित्रासारखे रंगवले आहे: सुटलेली पोटे, फुगलेले गाल, दारूच्या पेल्याभोवती घट्ट आवळलेली बोटे. त्यांच्या मधोमध मृत्यूचे हात मात्र मोकळे आणि संथ. देताना त्यांना घाई नाही, राखून ठेवावे असे त्यांच्याकडे काही नाही. हा फरक लांग पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या कोणत्याही पाटीत सांगत नाही. दोन प्रकारचे हात एकाच टेबलावर ठेवून तो मोकळा होतो.

मृत्यूचे काम बर्नहार्ट ग्योट्स्के या नटाने केले आहे. त्याच वर्षी योए माय या दिग्दर्शकाच्या 'दास इंडिशे ग्राबमाल' या चित्रपटात, म्हणजे एका भारतीय समाधीच्या अद्भुतकथेत, हाच ग्योट्स्के रामिगानी नावाचा योगी झाला होता, आणि याच्यासारखीच त्या चित्रपटाची पटकथाही लांग आणि टेआ फॉन हार्बू या जोडीची. योगी आणि मृत्यू या दोन्ही भूमिका एकाच माणसाला का मिळाव्यात, हे त्याची स्थिरता पाहिली की कळते. मूकपटांच्या त्या काळात नट डोळे विस्फारत, छाती बडवत, हातवाऱ्यांनी पडदा भरून टाकत. ग्योट्स्के पापणीही जपून हलवतो. त्याचा थकवा खांद्यांत आहे, मान किंचित पुढे झुकलेली आहे त्यात आहे. देवाने सांगितलेले काम तो करतो आणि त्याबद्दल माणसे त्याचा द्वेष करतात, याचे दुःख तो पुढे एका पाटीतून सांगतो खरा. पण ती पाटी नसती तरी चालले असते, कारण त्याच्या बसण्यात ती आधीच वाचून झालेली असते.

खाणावळीतला प्रसंग छोटा आहे, पण कारागिरी पाहायची तर इथे थांबावे. जोडपे वधूवरांसाठी ठेवलेल्या पेल्यातून पिते आहे, सगळे हसताहेत. परका त्यांच्याच टेबलाशी येऊन बसतो. मुलीची नजर त्याच्या समोरच्या पेल्यावर जाते आणि तो पेला विरघळत विरघळत वाळूचे घड्याळ होतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलेली ही युक्ती १९२१ मध्ये नवी नव्हती. नवे आहे ते तिचे प्रमाण. लांग घड्याळ मोठे करत नाही. टेबलावरच्या भांड्याकुंड्यांत ते पेल्याएवढ्याच आकाराचे उभे राहते, जणू पहिल्यापासून तिथेच होते. भीती वाटते ती ओळखीची वस्तू आपली जागा न सोडता दुसरीच होते म्हणून. मुलगी दचकून उठते, आत जाते, परत येते तर जागा रिकामी. तिचा माणूस कसा गेला ते आपल्याला दाखवलेले नाही. ज्याच्यासाठी पुढचा सगळा चित्रपट धडपडणार आहे ते जाणे लांगने चौकटीबाहेर ठेवले, आणि मुलीइतकेच आपणही बेसावध राहिलो.

मग ती भिंत येते. परक्याने त्या जमिनीभोवती भिंत बांधली आहे, दार नसलेली, खिडकी नसलेली. लांग व्हिएन्नाच्या बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा, स्वतः काही काळ वास्तुकला शिकलेला. भिंतीची उंची कशी सांगायची हे त्याला नेमके ठाऊक आहे: तिची वरची कड दाखवायचीच नाही. चौकट दगडांनी काठोकाठ भरते, आकाशाला जागा उरत नाही आणि खाली लिल डागोव्हर ही नटी एखाद्या खुणेएवढी दिसते. रात्री तिथे तिला मृतांची मिरवणूक दिसते. म्हातारे, मुले, सैनिक, सगळे पारदर्शक, तिच्या अंगावरून चालत येतात आणि त्या दगडांत शिरतात. त्यात तिचा तोही आहे. लक्ष द्यायचे ते एका गोष्टीकडे. मृत माणसे पारदर्शक आहेत, पण भिंत जराही पारदर्शक होत नाही. ते जातात, मुलगी अडते. जिवंत असणे म्हणजे अडणे, हा विचार इथे एका दगडी पृष्ठभागाने मांडला आहे.

बेशुद्ध पडलेल्या मुलीला गावातला म्हातारा औषधविक्या घरी नेतो. बाटल्या, वाळलेल्या मुळ्या, लोंबणारे प्राणी यांनी गच्च भरलेली त्याची खोली म्हणजे नेपथ्यकार रोबेर्ट हेर्ल्ट, वाल्टर र्‍योरिष आणि हेर्मान वार्म यांच्या कसबाचा एक नमुना. यातले र्‍योरिष आणि वार्म आधी 'कॅलिगारी' या जर्मन मूकपटाच्या नेपथ्यमंडळीत होते. पण तिथल्या वाकड्यातिकड्या रंगवलेल्या भिंती इथे नाहीत. इथले गाव खरे वाटते, नुसते थोडे अधिक शांत. त्या खोलीत उघड्या पडलेल्या बायबलमध्ये, 'गीतरत्न' या प्रेमकाव्यात, मुलीला एक ओळ सापडते. प्रेम आणि मृत्यू यांना एकाच तराजूत तोलणारी. ती विषाचा पेला ओठांशी नेते. पेला ओठांना लागतो न लागतो तोच चित्र बदलते आणि ती पुन्हा त्या भिंतीपाशी असते. या वेळी भिंतीत एक उंच, अरुंद, वर टोकदार होत गेलेली फट आहे आणि आत प्रकाशात वर चढत जाणाऱ्या पायऱ्या.

या एका चित्रावर कितीही वेळ खर्च करावा. मृत्यूच्या घराकडे खाली उतरायचे असते, ही आपल्या मनात रुजलेली दिशा. लांग मुलीला वर चढवतो. दोन्ही बाजूंना काळोख, मध्ये प्रकाशाची उभी पट्टी, तिच्यात एक सडपातळ आकृती. आडवे असे त्या चौकटीत काही नाही, नाही म्हणायला पायऱ्यांच्या कडा तेवढ्या. या चित्रपटाच्या तीन छायाचित्रणकारांपैकी फ्रित्झ आर्नो वाग्नर याने पुढच्याच वर्षी मुर्नाऊ या दिग्दर्शकाच्या 'नोस्फेराटू' या भयपटासाठी कॅमेरा धरला. काळोखाला धार कशी लावायची याचा त्याचा सराव इथेच दिसतो.

वर मेणबत्त्यांचे दालन आहे. प्रत्येक ज्योत एक आयुष्य. ही कल्पना ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या मृत्यूला धर्मपिता करणाऱ्या कथेतली, जर्मन मुलाला आजीकडून मिळालेली. लांगने ती घेतली आणि तिला उंची दिली. बारीक, लांब मेणबत्त्या खांबांसारख्या वर गेल्या आहेत, काही अर्ध्यावर जळलेल्या, काही विझायला टेकलेल्या, आणि त्यांच्यातून तो काळा झगा वाट काढत जातो. मग मृत्यू एका ज्योतीभोवती दोन्ही तळवे धरतो. ज्योत मेणबत्तीवरून सुटून वर येते आणि त्याच्या हातांत तिचे एक लहान बाळ होते. क्षणभर तो ते धरतो. बाळ दिसेनासे होते. पुढच्या चित्रात कुठेतरी एक आई आपल्या मुलावर कोसळलेली.

ग्योट्स्केचे हात पाहायचे ते इथे. बाळ घेताना ते ओंजळीसारखे आहेत, दाईच्या हातांसारखे सावध. हिसकावणे त्यांत नाही. आणि बाळ नाहीसे झाल्यावरही ते लगेच खाली येत नाहीत. रिकामे झालेले हात तो थोडा वेळ तसेच धरून ठेवतो. मृत्यूचा थकवा म्हणजे काय, हे मला या रिकाम्या हातांइतके कोणत्याही लेखकाच्या वर्णनाने समजावले नाही. आणि लांगची खरी चतुराई अशी, की हा प्रसंग इतका सुंदर आहे की तो पेरणी आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही.

आता मृत्यू तिला तीन डगमगत्या ज्योती दाखवतो. तिघांपैकी एकाला जरी तिने वाचवले तर तिचा माणूस परत. या तीन ज्योती म्हणजे तीन कथा: खलिफाचे शहर, कार्निव्हलमधले व्हेनिस, सम्राटाचे चीन. प्रत्येकीत प्रेयसी डागोव्हर आणि प्रियकर वाल्टर यान्सेन.

खलिफाच्या कथेत मला माळी लक्षात राहतो. तोच ग्योट्स्के. राजबहिणीच्या परधर्मी प्रियकराला बागेत गळ्यापर्यंत पुरले जाते, आणि बागेची माती हाताळणारा माणूस हा असा. व्हेनिसची कथा सजावटीत अडकते. मुखवटे, जिने, तलवारबाजी यांचा झगमगाट फार, आणि कारस्थान समजून घेण्यात आपली सहानुभूती खर्ची पडते. मोना फियामेत्ता नकोशा वाग्दत्ताला मारण्याचा डाव रचते, त्याला तो डाव कळतो, आणि मुखवट्याआडून तिच्यापुढे येतो तो तिचाच प्रियकर. तो वाग्दत्त गिरोलामो झाला आहे रुडोल्फ क्लाइन-रोगे, म्हणजे फॉन हार्बूचा आधीचा नवरा. पुढे लांगच्याच 'मेट्रोपोलिस'मधला वेडा शास्त्रज्ञ तो हाच. या कथेतली एक गोष्ट मात्र नेमकी: प्रियकराचा घात मुलीने स्वतःच आखलेल्या वाराने होतो. वाचवण्यासाठी उचललेला हातच मारतो.

चीनची कथा हलकीफुलकी सुरू होते. जादूगाराला सम्राटाच्या वाढदिवसाला करमणूक करायची आहे, कंटाळा आला तर मुंडके उडेल. पेटीतून बोटाएवढे सैनिक बाहेर पडून कवायत करतात, गालिचा उडतो, घोडा हवेतून धावतो. अमेरिकेत डग्लस फेअरबँक्स या नटाने या चित्रपटाचे हक्क घेऊन ठेवले आणि १९२४ च्या 'थीफ ऑफ बगदाद'मध्ये आपला गालिचा उडवला, तो याच्यावरून. पण गंमत संपते ती जादूच्या कांडीपाशी. मुलगी ती पळवते आणि सुटकेसाठी वापरते, आणि प्रत्येक मंत्रासरशी कांडी झिजत जाते. मागच्या दालनात आपण मेणबत्त्या झिजताना पाहिल्या होत्या. पाटी न लावता लांगने मेणबत्तीच मुलीच्या मुठीत दिली आहे. शेवटी ती स्वतः दगडी मूर्ती होते, प्रियकराला वाघ करते, आणि सम्राटाचा धनुर्धर, पुन्हा ग्योट्स्के, वाघावर बाण सोडतो. मूर्तीच्या गालावरून अश्रू ओघळतो.

हे भाग पाहताना एक बोच राहतेच. युरोपीय नटांनी रंग चढवून केलेले अरब आणि चिनी, त्यांचे लंपट राजे आणि विनोदी दरबार, हा त्या काळच्या युरोपचा चष्मा आहे. चित्रपटाचे मोठेपण तिथे नाही. स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल याला सिनेमा म्हणजे काय हे या चित्रपटाने दाखवले. त्यानेही आठवणींत लिहून ठेवले आहे की तीन कथांनी नव्हे, तर गावात आलेल्या काळ्या टोपीच्या त्या माणसाने आपल्याला पकडले. बुन्युएल स्वतः सत्तरी ओलांडल्यावर, १९७२ मध्ये, म्हाताऱ्या लांगला भेटला तेव्हा त्याने सही केलेला फोटो मागून घेतला.

तिन्ही ज्योती विझतात. मराठी प्रेक्षकाच्या मनात तोवर सावित्री येऊन उभी राहिलेली असते. यमाच्या मागे चालत जाणारी बाई आपल्याला वटपौर्णिमेपासून ओळखीची. पण सावित्री शब्दांनी जिंकते. एकेक वर मागत ती यमाला त्याच्याच वचनात बांधते. लांगच्या मुलीचा प्रत्येक सौदा फसतो. मृत्यू दया येऊन शेवटचा सौदा देतो: एका तासात, जिचा काळ भरलेला नाही अशी दुसरी कोणाची ज्योत आण, बदल्यात तुझा माणूस घे.

इथे लांगचा सर्वांत धीट कट येतो. औषधविक्याने तिच्या ओठांवरचा पेला हिसकावला आहे. तीन देश, तीन काळ, तीन मरणे, ही सगळी पेला आणि ओठ यांच्यातल्या अंतरात घडून गेली. एवढा मोठा कालखंड एका क्षणात दुमडण्याची ही हिकमत आज आपल्या अंगवळणी पडली आहे. मूकपटाच्या तरुणपणी तिला किती धाडस लागले असेल!

मग ती दारोदार फिरते. औषधविक्या म्हातारा, जगून कंटाळलो म्हणणारा. रस्त्यावरचा भिकारी. इस्पितळातले जर्जर वृद्ध. प्रत्येकाला ती उरलेले आयुष्य मागते आणि प्रत्येक जण एकाच साच्याचा नकार देतो, एक दिवसही नाही, एक श्वासही नाही अशा अर्थाचा. लोकगीतात पालुपद यावे तसा तो नकार पुन्हा पुन्हा येतो. उपशीर्षकाने दिलेला शब्द पाळला जातो तो इथे. हे नकार लांगने हास्यास्पद केले नाहीत, हे विशेष. सुरुवातीच्या नगरपित्यांची थट्टा करणारा हाच दिग्दर्शक या म्हाताऱ्यांच्या चिकटून राहण्याकडे समजुतीने पाहतो. मुलगी ज्यासाठी धडपडते आहे ते जगणेच तर त्यांनाही सोडवत नाही.

इस्पितळाला आग लागते. सगळे बाहेर येतात आणि एका आईला कळते की बाळ आत राहिले. मुलगी ज्वाळांत शिरते. बाळ तिच्या हाती येते आणि समोर मृत्यू उभा असतो, दोन्ही हात पुढे करून.

ज्योतीतून बाळ निघाले होते, आता ज्वाळांत बाळ आहे. दालनातली तीच ओंजळ, तीच दाईची सावधगिरी. फरक एवढाच की तिथे मृत्यूने स्वतः घेतले होते आणि इथे तो मागतो आहे. हवी असलेली ज्योत तिच्या हातात आहे, अट पुरी होते आहे, कोणी पाहतही नाही. ती थबकते. त्या थबकण्यात डागोव्हरने काय केले आहे ते बारकाईने पाहा. ती बाळाकडे पाहत नाही, मृत्यूच्या चेहऱ्याकडेही नाही. तिची नजर त्या रिकाम्या, वाट पाहणाऱ्या हातांवर आहे. मग ती वळते, खिडकीशी जाते, बाळ खाली आईपर्यंत सोडते आणि परत येऊन तेच हात स्वतःसाठी मागते. आता तिला काही मिळवायचे नाही, आणि म्हणून मृत्यूला पहिल्यांदाच कोणी द्वेषाशिवाय सामोरे जाते. तो तिला तिच्या माणसाच्या देहापाशी नेतो. ग्योट्स्केच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी सैल पडलेली रेषा दिसते तिला कृतज्ञता म्हणायला हरकत नाही. प्रेमाने मृत्यूला हरवले नाही. त्याचा थकवा तेवढा थोडा उतरवला. हे मला विजयापेक्षा मोठे वाटते.

त्यानंतर दोघांचे आत्मे फुलांच्या टेकडीवर चढून जातात, ते मला जरा गोड वाटते. आगीतल्या त्या थबकण्यापुढे कोणतीही टेकडी फिकीच.

टेआ फॉन हार्बूबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९२२ मध्ये तिने लांगशी लग्न केले, ते १९३३ मध्ये मोडले. पुढे तिने अयी गणपत तेंडुलकर या बर्लिनमधल्या मराठी पत्रकाराशी गुपचूप विवाह केला. नाझी राजवटीत ती जर्मनीतच राहिली, काम करत राहिली, आणि तिच्या आयुष्याचा तो भाग सहज माफ करण्यासारखा नाही. १९५४ मध्ये बर्लिनमध्ये याच चित्रपटाच्या खेळाला तिला सन्मानाने बोलावले होते. तिथून बाहेर पडताना ती पडली आणि त्या दुखापतीतून उठली नाही.

पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी बर्लिनच्या काही समीक्षकांनी नाके मुरडली होती. पॅरिसने डोक्यावर घेतल्यावर जर्मनीला आपल्या चित्रपटाची किंमत कळली. मुर्नाऊ प्रतिष्ठानने केलेली सुधारित प्रत २०१६ च्या बर्लिन महोत्सवात कोर्नेलिउस श्वेअर याच्या नव्या संगीतासह दाखवली गेली. ती रंगछटा दिलेली आहे, पूर्वी मूकपटांना देत तशी. तीच मिळवावी. मेणबत्त्यांचे दालन काळ्यापांढऱ्यात पाहणे आणि त्या छटांमध्ये पाहणे यात पुष्कळ अंतर आहे. दुसऱ्यांदा पाहताना व्हेनिस वगळले तरी चालेल. दालन आणि आग मात्र लागोपाठ, मधले काही न पाहता लावून पाहावीत, आणि पाहताना नजर चेहऱ्यांवरून काढून हातांवर ठेवावी.